मदत हवी आहे: माळ्यावर घुबडाची पिल्लं, शेजारच्या बांधावर उंदरांचं औषध

खानापूरची शिवारवाली

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमची अडीच एकर शेती आहे. पावसाळ्यात भात आणि थोडी रताळी, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर आणि वाटाणा. रासायनिक खत आणि औषध बंद करून बरीच वर्षं झाली. नवरा बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत कामाला आहे, त्यामुळे शिवार बहुतेक माझ्याच अंगावर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेल.

जुन्या गोठ्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी आहे आणि यंदा तिला पिल्लं झाली आहेत. संध्याकाळी दिवे लागले की वरून कुणीतरी घोरतंय असा आवाज सुरू होतो, तो पिल्लांचा. चार तरी असावीत. एक चांगलं मोठं, पंखांत पिसं भरायला लागलेलं, आणि शेवटचं अजून नुसत्या पांढऱ्या लवीचं. घुबडीण पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवायला बसते, म्हणून पिल्लं अशी लहानमोठी निघतात.

आता अडचण. मसूर फुलावर आहे आणि उंदीर फांद्या कातरून बिळात नेताहेत. आसपासचं भात कापून झालं, उसाची तोड चालू आहे, म्हणजे सगळ्या शिवारातल्या उंदरांना हिरवं एवढंच उरलंय. माझ्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी बांधावर औषधाच्या वड्या टाकायला सुरुवात केली आहे. गेल्या हिवाळ्यात चिंचेखाली एक मोठं घुबड मेलेलं सापडलं होतं. अंगावर जखम नव्हती, चोचीशी रक्त होतं. तेव्हापासून मला वड्यांची धास्ती आहे. दुकानदार सांगतो की घुबडाला काही होत नाही, ते फक्त उंदरासाठी आहे. मला ते पटत नाही, पण शेजाऱ्यांपुढे मांडायला माझ्याकडे नेमकी माहिती नाही.

थंडीत हा प्रश्न जास्त जाचतो. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात धामणी उंदरांचा बंदोबस्त करतात. या दिवसांत धामण दुपारी बांधावर उन्हाला येते तेवढीच, रात्री बाहेर पडत नाही, आणि उंदीर तर रात्रीच निघतो. म्हणजे रात्रपाळी सगळी घुबडांवर आणि एखाद्या रानमांजरावर. दिवसा आमच्याकडे या मोसमात खूप काही असतं. भाताच्या कापलेल्या खुंटांवरून भोवत्या हा शिकारी पक्षी अगदी खालून तरंगत जातो, वाफ्याच्या पाण्याशी धोबी शेपटी हलवत फिरतात, वाटाण्याच्या काठ्यांवर कोतवाल बसून अळ्या टिपतो. हे सगळं औषध बंद केल्यानंतर परत आलेलं आहे. पण घुबड माझ्या अडीच एकरांत थोडंच थांबतं! ते किलोमीटरभर सहज जातं. माझी शेती सेंद्रिय असून काय उपयोग, त्याचं जेवण शेजारच्या बांधावरच आहे. (गवेही दर हिवाळ्यात खाली उतरतात, पण तो विषय वेगळा, इथे नको.)

माळ्याखाली घुबडांनी ओकलेल्या गोळ्या पडतात. अंगठ्याएवढ्या, ताज्या असल्या की काळ्या आणि चकचकीत. एक पाण्यात भिजवून काडीने उकलली. करड्या केसांच्या गुंत्यात कवट्या निघाल्या, पुढचे दात नारिंगी, धारदार. शेजारीच चिचुंद्रीची लांबट कवटी. एका गोळीत इतकं, आणि रोज नव्या गोळ्या पडतात. ज्याला उंदरांनी छळलं आहे त्याने एकदा हे बघावं असं मला मनापासून वाटतं.

मला तीन गोष्टींत मदत हवी आहे. वड्यांतलं विष घुबडापर्यंत खरंच पोचतं का आणि कसं. पिल्लं उडेपर्यंत मसूर वाचवायला विषाशिवाय काय करता येईल. आणि गोठ्याचं छप्पर उतरवून नवी कौलं घालायचं काम ठरलं आहे, सुतार शिवरात्रीच्या आधी मोकळा आहे. पिल्लं दुसरीकडे हलवता येतात का? सासूबाईंना घुबड मुळातच नको आहे. "असली पाखरं वस्तीत नको गे," असं रोज एकदा होतंच. त्यांना दुखवून काही करायचं नाही.

धारवाडहून

ताई, मी कृषी पदवीधर आहे, आधी विषाचं सांगतो. बाजारात दोन तऱ्हांची औषधं मिळतात आणि घुबडाच्या बाबतीत दोन्हींची चाल वेगळी.

एक झिंक फॉस्फाइड. काळपट राखाडी भुकटी, लसणासारखा वास. उंदराच्या पोटातल्या आम्लाशी मिळून त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि उंदीर काही तासांत मरतो. विष मांसात फारसं साठून राहत नाही, पण पोटात न विरलेलं औषध असू शकतं, म्हणून मेलेला उंदीर कुत्र्या-मांजराने खाल्ला तर धोका आहे. फॉस्फीनवर उतारा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरं ब्रोमाडिओलोन. तुमच्याकडच्या वड्या बहुतेक याच्याच असणार. हे रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस, कधी आठवडाभर फिरत राहतो. मंद होतो, उघड्यावर येतो, पळत नाही. असा उंदीर घुबडाला सगळ्यात आधी सापडतो. विष उंदराच्या यकृतात साठलेलं असतं, तिथून घुबडाच्या यकृतात जातं. एका उंदराने कदाचित काही होणार नाही, पण पिल्लं असलेली जोडी रात्रभर तेच उंदीर आणते. जखम नसताना चोचीशी रक्त याच्याशी जुळतं, खात्री मात्र शवविच्छेदनानेच होते. दुकानदाराचं बोलणं चुकीचं आहे.

पिल्लं हलवू नका. अंड्यातून निघाल्यापासून उडायला साधारण दोन महिने लागतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून मोठं पिल्लू अर्ध्या वाटेवर आहे, धाकटं बरंच मागे. जागा बदलली तर आईबाप खाऊ घालणं सोडू शकतात. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्याने घुबडाला संरक्षण आहे, पिल्लांना हात लावायचा तर वनखात्याला विचारूनच.

निपाणीचा तंबाखूवाला

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. घुबडं हवीतच, पण एका जोडीवर मसूर सोडून देऊ नका. उंदरीण तीन आठवड्यांत विते, उसाच्या पट्ट्यात तर विचारूच नका. तुमचे शेजारी वड्या टाकतात ते हौसेने नाही. पर्याय हातात दिल्याशिवाय ते थांबणार नाहीत, आणि थांबावं अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही.

आमच्याकडे असं करतो. संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं चिखलाने बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. तेवढ्याच बिळांवर काम करायचं, बाकीच्यांवर वेळ घालवायचा नाही. घुशीचं बीळ तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीच्या ढिगाने लगेच कळतं. पोरं घेऊन ती बिळं खणायची. घूस आत पसाभर दाणे साठवून ठेवते, ते पण निघतात. जिथे खणता येत नाही तिथे चाप. आमिषाला भाजलेली सुकी मासळी किंवा खोबरं, त्यापुढे दाण्याला उंदीर विचारत नाही. चापावर फुटकं कौल उपडं ठेवायचं म्हणजे धोबी-बिबी सापडत नाही, घुबडही झडप घालत नाही.

आणि महत्त्वाचं, हे एकट्याने करून भागत नाही. तुमचं शिवार मोकळं झालं की आठवड्यात शेजारचे उंदीर येऊन बसतात. दहा-बारा जणांनी एकाच दिवशी केलं तरच फरक. भात कापल्यावर लगेच करायला हवं होतं, पण आता केलं तरी मसूर घाट्यात येईपर्यंत उपयोग होईल.

एक अजून. बांधावर गवत वाढवून ठेवलंय का? सेंद्रियवाल्यांचं हे आवडतं. ते गवत म्हणजे उंदरांचं घर.

खानापूरची शिवारवाली

काका, राग कसला, हेच हवं होतं. धूर करायचा सल्ला इथे बरेच जण देतात, पण त्याच बिळांत धामणी थंडीला बसलेल्या असतात, म्हणून मी धूर करणार नाही. बिळं बुजवून बघायची रीत पटली.

गवत ठेवलं आहे, होय. पश्चिमेच्या बांधावर. त्यात लाव्यांची जोडी असते, ससा असतो, आणि मसुरीवरच्या किडी खाणारे कोळी-ढालकिडे तिथूनच येतात. तो बांध मी साफ करणार नाही. पण मसुरीला लागून असलेला बांध मोकळा करते, ते गवत गायीला जाईल.

चंदगडी

ताई, तुमच्या पलीकडच्या डोंगराचाच मी. दोन गोष्टी.

पहिली, या घुबडांचा फोटो कुठेही टाकू नका, गावातही फार बोभाटा नको. अमावास्येच्या करणीसाठी घुबड मागणारे लोक आपल्या भागात अजून आहेत आणि पैसे देतात. गावाचं नाव लिहिलं नाही ते फार बरं केलंत.

दुसरी, शेजाऱ्यांना घुबडाचं महत्त्व सांगायला जाऊ नका. उंदराचं बोला. माळ्याखालच्या त्या गोळ्या कागदात बांधून घ्या आणि दुधाच्या डेअरीवर सकाळी चार माणसं असतात तिथे उकलून दाखवा. कुठून आणल्या ते सांगायची गरज नाही, शिवारात मिळाल्या म्हणा. आमच्याकडे हे केलं तेव्हा सगळ्यात आधी म्हातारी माणसं वाकून बघायला लागली. कवट्या मोजता येतात, मोजल्यावर माणूस स्वतःच हिशेब करतो. सासूबाईंनाही आधी तेच दाखवा, नंतर पाखरू.

शेतात रात्रीसाठी उंच काठ्याही रोवा, वर आडवी दांडी बांधून, पुरुषभर उंचीच्या दीडपट. एकरी पाच-सहा पुरतात. दिवसा कोतवाल बसेल, रात्री घुबड. मसूर-वाटाण्यात हे चालतं. जोंधळा असेल तर कणीस दुधात आलं की काठ्या काढा, नाहीतर भोरड्यांना आणि भारिटांना आयती बसायला जागा होते.

धारवाडहून

चंदगडी दादांशी सहमत. भर एवढीच की शेजारी अगदीच ऐकत नसले तर 'औषध टाकू नका' म्हणण्यापेक्षा 'मेलेले आणि झिंगलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरा' एवढं तरी मान्य करून घ्या. जवळच्या रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कचेरीत, जाऊन उंदीर मोहीम सगळ्या शिवारात एकदम घ्यायला सांगा, एकट्या बाईचं म्हणणं म्हणून नाही तर आठ-दहा सह्यांचा अर्ज म्हणून. अर्ज कन्नडमध्ये द्या, काम लवकर होतं. हवा असेल तर मी लिहून देतो.

खानापूरची शिवारवाली

मंडळी, थोडी खबर द्यायची राहिली होती.

गोळ्या डेअरीवर नेल्या. तुम्ही म्हणालात तसंच झालं, सगळे वाकून बघायला लागले. वरच्या बाजूचे शेजारी कन्नड आहेत, एळ्ळ अमावास्येला आम्ही त्यांच्या शेतात चरग (पिकाला नैवेद्य) टाकायला आणि जेवायला जातो, तसं येणंजाणं चांगलं आहे. ते म्हणाले, "अक्का, चाप तू देणार असशील तर मी वड्या टाकत नाही." चाप मी दिले. बिळं बुजवायला त्यांची दोन्ही पोरं आली, आणि सकाळी उकरलेली बिळं माझ्या अंदाजापेक्षा बरीच कमी निघाली. बाकी सगळी जुनी, रिकामी. खणलेल्या एका बिळात मसुरीच्या कातरलेल्या फांद्यांचा भारा होता, अजून हिरवा.

खालच्या बाजूचे शेजारी मात्र ऐकायला तयार नाहीत. "आमचं मसूर उंदरांनी खायचं आणि आम्ही बघत बसायचं व्हय? नुकसान कोण भरून देणार?" त्यांचं चुकीचं आहे असं मला म्हणवत नाही, गेल्या साली त्यांचा अर्धा वाफा गेला होता. मेलेले उंदीर पुरायचं त्यांनी कबूल केलं आहे. सकाळी चूल पेटायच्या आधी मीच त्यांच्या बांधावरून एक फेरी मारते, हातमोजे घालून, म्हणजे कबूल केलेलं राहून जात नाही. धारवाडच्या दादांनी अर्ज लिहून पाठवला, सह्या घेणं चालू आहे. खालच्या शेजाऱ्यांनीही सही केली, मोहीम सगळ्यांची होणार असेल तर त्यांना वड्यांचा खर्च नकोच आहे.

सुताराशी बोलले. तो समोरचा उतार आधी करून देईल, घुबडांच्या बाजूची कौलं पिल्लं उडाल्यावर. मजुरी दोन वेळची पडेल, ते ठीक आहे. सासूबाई अजून वर बघत नाहीत, पण काल शेजारणीला सांगत होत्या की यंदा भाताच्या कणगीला उंदीर लागला नाही.

आता पुढचं विचारायचं आहे. नवं छप्पर झालं की माळ्याची फट बंद होणार, तेव्हा जोडीसाठी आधीच लाकडी खोका बसवायचा आहे. इस्रायलमध्ये १९८०च्या दशकापासून शेतांत असे खोके लावतात, एवढं वाचलं आहे. दोन-अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आणि पाच-सहा इंचांचं भोक, असं सुताराला सांगितलं आहे. तो फणसाची फळी वापरू म्हणतो. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, जांबोटी-कणकुंबीचा. फणस टिकेल का, की जुन्या दारांचं सागवान शोधू? आणि खोका गोठ्याच्या भिंतीला लावावा की चिंचेवर? चिंचेवर वानरं येतात, म्हणून मन भिंतीकडे आहे. ज्यांनी लावला असेल त्यांनी तोंड कोणत्या दिशेला ठेवलं तेही लिहा, पावसाचा मारा इथे पश्चिमेकडून असतो.