स्कूबल देऊन डबल-एमधला पोरगा घ्यायचा का? टायगर्सवाले, बोला

नोव्हीकर_नाना
मंडळी, 2025 च्या विंटर मीटिंग्ज (बेसबॉल टीम्सचा डिसेंबरातला सौदेबाजार) होऊन गेल्या तरी आमच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय, आपल्या डेट्रॉइट टायगर्सचा पिचर तारिक स्कूबल ठेवायचा का विकायचा. 2026 चा सीझन संपला की तो फ्री एजंट (हव्या त्या टीमकडे जायला मोकळा), त्यात एजंट स्कॉट बोरास, म्हणजे स्वस्तात सही होणार नाही हे शेंबडं पोरही सांगेल. सलग दोन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) झालेत त्याचे, 2024 ला 18-4 (जिंकलेल्या-हरलेल्या मॅच) आणि 2025 ला 2.21 ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तितकं चांगलं), वर 241 स्ट्राइकआउट. असा माणूस परत कधी मिळायचा आपल्याला. पण पुढच्या वर्षी टीमची एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफर नाकारून निघून गेला तर हातात काय, एक ड्राफ्ट पिक, म्हणजे नवा पोरगा निवडायचा एक जादा हक्क. बस.

माझा प्रश्न स्कूबलपेक्षा बदल्यात काय घ्यायचं याचा आहे. बॅट्स, म्हणजे तरुण बॅटर, आपल्याकडे येतायत, मॅकगोनिगल आहे, मॅक्स क्लार्क आहे, म्हणून जो तो म्हणतो पिचर घ्या, 20-21 वर्षांचा, डबल-एमध्ये (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली) ताशी 98 मैलांनी टाकणारा, वरती आला की सहा वर्षं आपल्या ताब्यात. ऐकायला बरं वाटतं, पण ज्यानं मेजर लीगमध्ये एक बॉल टाकलेला नाही त्याच्यासाठी हा माणूस द्यायचा हे काही माझ्या गळी उतरत नाही. नाव कुणाचंही धरा, टीम कुठलीही धरा. असा पोरगा पॅकेजमधला मुख्य माणूस असावा का? आणि घ्यायचाच तर त्याच्यात बघायचं काय?

जुना_टायगर
नाना, माझं उत्तर सरळ आहे, नाही.

31 ऑगस्ट 2017 आठवा. ट्रेडच्या डेडलाइनला अगदी शेवटची मिनिटं उरलेली असताना आपला स्टार पिचर व्हरलँडर ह्यूस्टनला गेला आणि बदल्यात मुख्य माणूस कोण, तर फ्रँकलिन पेरेझ, 19 वर्षांचा पिचर. तेव्हाही हेच सगळं बोललं गेलं होतं, तरुण आहे, वेग आहे, डोकं आहे. खांद्यानं दगा दिला आणि तो पोरगा मेजर लीगच्या माउंडवर कधी उभाच राहिला नाही. तिकडे व्हरलँडरनं त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली, नंतर 2019 ला साय यंग, 2022 ला अजून एक. त्या ट्रेडमधून आपल्याला खरा उपयोगी पडला तो जेक रॉजर्स, आणि तो कॅचर.

स्काउटिंग रिपोर्ट म्हणजे स्थळाचा बायोडेटा असतो हो, मुलगा निर्व्यसनी, मनमिळाऊ, पगार अमुक. खांदा दुखतो असं त्यात कुणी लिहीत नाही.

वॉरनचा_वऱ्हाडी
काका तुमचं पटते, पण गोष्ट उलटी बी झाली ना आपल्याच टीमसोबत. मी राहतो त्या वॉरनमध्ये जन्मलेला पोरगा होता, लॅन्सिंगला वाढला, टायगर्सचाच फॅन, आपणच त्याला ड्राफ्टच्या 22 व्या राउंडमध्ये घेतलं. 1987 च्या ऑगस्टमध्ये डबल-एला ग्लेन्स फॉल्समध्ये त्याचा रेकॉर्ड 4-10 आणि ईआरए 5.68. कोण ठेवणार असा पोरगा, दिला अटलांटाला, बदल्यात 36 वर्षांचा डॉयल अलेक्झांडर. त्यानं लय भारी काम केलं बाप्पा, 9-0, ईआरए 1.53, शेवटच्या दिवशी टोरांटोला हरवून डिव्हिजन जिंकलो. मग प्लेऑफमध्ये मिनेसोटानं झोडपलं आणि संपलं सारं. पोरगा कोण होता सांगायची गरज नाही, जॉन स्मोल्ट्झ, 213 विन्स, 154 सेव्ह्ज, 2015 ला हॉल ऑफ फेम.

म्हणजे त्या वेळी अटलांटावाल्यायनं नाना विचारते तेच केलं, मुरलेला पिचर देऊन न तपासलेला पोरगा घेतला. तेव्हा त्यायच्या फॅन्सनंही शिव्याच घातल्या असतील.

अॅन_आर्बरचा_आकडेमोड्या
दोघांचंही बरोबर आहे आणि म्हणूनच एकेक उदाहरण काढून काही सिद्ध होत नाही. आपल्याच टीमची यादी काढा ना, सगळे नमुने इथेच आहेत.

2009 च्या डिसेंबरमध्ये आउटफिल्डर ग्रँडरसन आणि पिचर एडविन जॅक्सन गेले, तीन टीमच्या ट्रेडमध्ये पिचर शेर्झर आला. 25 वर्षांचा, आदल्या वर्षी 9-11, 4.12. अगदीच प्रॉस्पेक्ट (वर न आलेला होतकरू पोरगा) नव्हता पण सिद्धही काही केलेलं नव्हतं, आणि ग्रँडरसन गेला म्हणून लोक काय रडले होते. 2010 च्या मे महिन्यात शेर्झरला टोलीडोला (आपली ट्रिपल-ए टीम, मेजर लीगच्या एक पायरी खाली) पाठवावं लागलं, परत आला तो 30 मेला ओकलंडविरुद्ध सहा इनिंगही पूर्ण न करता 14 स्ट्राइकआउट घेऊन गेला. 2013 ला 21-3 आणि साय यंग.

आता दुसरी बाजू. 2013 च्या डिसेंबरमध्ये पिचर डग फिस्टर देऊन रॉबी रे घेतला. 22 वर्षांचा डावखुरा. 2014 ला वर आणला, ईआरए 8.16, आणि वर्षभरात आपण त्याला ॲरिझोनाच्या वाटेला लावला. 2021 ला टोरांटोकडून त्याला साय यंग मिळाला. पी हळद अन् हो गोरी, दुसरं काय. पोरगा निवडण्यात चूक नव्हतीच, थांबायची तयारी नव्हती.

आणि फुलमर विसरू नका. 2015 च्या डेडलाइनला बॅटर सेस्पेडेस मेट्सला दिला, पिचर मायकल फुलमर आला. 2016 ला 11-7, 3.06, रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवोदित). तेव्हा त्याच्यासाठी हवं ते मिळालं असतं, आपण ठेवला. 2019 ला टॉमी जॉन, आणि शेवटी 2022 ला मिनेसोटाला दिला तेव्हा बदल्यात आला सॉयर गिप्सन-लाँग, म्हणजे पुन्हा एक पिचिंग प्रॉस्पेक्ट 😅

माझं म्हणणं एवढंच की पिचर हा नाशवंत माल आहे हे धरूनच हिशोब करा. घ्यायचा तर एकावर सगळं लावू नका. मुख्य माणूस बॅट असू दे, भले बॅट्स आपल्याकडे असोत, जास्तीची बॅट नंतर ट्रेड करता येते. पिचर दुसरा आणि तिसरा.

कँटनची_काकू
मी नवीन आहे, मुलामुळे मॅच बघायला लागले आणि आता तोच बघत नाही, मीच बघते. हे सहा वर्षं ताब्यात म्हणजे काय? करार सहा वर्षांचा असतो का? आणि टॉमी जॉन हा कोण, दर वेळी कुणाच्या तरी कोपराबरोबर त्याचं नाव येतं.

नोव्हीकर_नाना
काकू, स्वागत. सहा वर्षांचा करार नसतो. पोरगा मेजर लीगमध्ये आला की सहा वर्षांची सर्व्हिस पूर्ण होईपर्यंत दुसरीकडे जायला मोकळा नसतो. पहिली तीन वर्षं साधारण किमान पगारावर, 2025 ला तो 7 लाख 60 हजार डॉलर होता, मग तीन वर्षं आर्बिट्रेशन (पगार जमला नाही तर लवाद ठरवतो), तिथे पगार वाढत जातो. म्हणून टीम्सना पोरं आवडतात, स्वस्त पडतात. आणि टॉमी जॉन हा डॉजर्सचा पिचर, 1974 ला त्याच्या कोपरातला तुटलेला लिगामेंट काढून दुसऱ्या हातातला टेंडन बसवला. तेव्हापासून त्या ऑपरेशनलाच त्याचं नाव पडलं. परत यायला वर्ष-सव्वा वर्ष सहज जातं. केसी माइझचं 2022 ला झालं, जॅक्सन जोबचं 2025 ला. दोघंही आपलेच आणि दोघंही पहिल्या राउंडचे, माइझ तर ड्राफ्टमधला पहिलाच.

मिलवॉकीचा_मावळा
ब्रूअर्सवाला आहे, मधे तोंड घालतो, कारण हे आम्ही भोगलंय. कॉर्बिन बर्न्स, साय यंगवाला, करारात एकच वर्ष उरलेलं, एजंटही तोच बोरास. 2024 च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरला दिला, बदल्यात डी एल हॉल, जोई ऑर्टिझ आणि एक ड्राफ्ट पिक. हॉल साधारण तुमच्या प्रश्नातल्यासारखाच माणूस, डावखुरा, वेग भरपूर, कंट्रोलचे वांधे. त्याच्यावर आम्ही पानंच्या पानं लिहिली होती इथे. तो दुखापतींत अडकला आणि मग बुलपेनचाच (मॅचमध्ये मधूनच येणारा बदली पिचर) झाला. ऑर्टिझनं मात्र इन्फिल्डमध्ये पहिल्या दिवसापासून जागा धरली आणि बर्न्सशिवायही आम्ही 2024 ला डिव्हिजन जिंकलो.

आणि बर्न्स? बाल्टिमोरला एक वर्ष, मग ॲरिझोनाशी सहा वर्षांचे 210 मिलियन, आणि 2025 च्या जूनमध्ये टॉमी जॉन. म्हणजे पोरगा मोडू शकतो तसा एसही (टीमचा पहिल्या नंबरचा पिचर) मोडू शकतो, ही गोष्ट स्कूबल ठेवा म्हणणारे सोयीनं बाजूला ठेवतात. स्कूबलचं तर कॉलेजात असताना टॉमी जॉन झालंय आणि 2022 ला फ्लेक्सर टेंडनचं ऑपरेशन.

वॉरनचा_वऱ्हाडी
@मावळा हे बोलून तुम्ही काकांची झोप उडवली बघा.

टोलीडो_शटल
नानांच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही, बघायचं काय. मी उन्हाळ्यात टोलीडोला मड हेन्सच्या मॅचला बराच जातो, डाउनटाउनमध्येच पार्क आहे, तिकीट टायगर्सच्या कॉमेरिका पार्कच्या मानानं स्वस्त आणि होम प्लेटच्या मागे बसायला मिळतं. डबल-ए बघायचं तर इरीला जावं लागतं, ते लांब पडतं. तर मागे बसलं की कळतं, 98 सगळेच टाकतात. खरंच सगळेच. रडार गन घेऊन बसलेले स्काउटसुद्धा पहिल्या इनिंगमध्ये आकडा लिहून घेतात आणि मग गन मांडीवर ठेवून पोराकडे बघत बसतात.

मी बघतो ते हे. पहिलं म्हणजे तिसरा पिच. फास्टबॉल आणि स्लायडरवर ट्रिपल-एपर्यंत सगळे येतात, पण समोर डावखुरा बॅटर, काउंट 2-1, तेव्हा चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा बॉल) टाकायची हिंमत आहे का. स्कूबलचा चेंजअप बघा ना, नवव्या राउंडमधल्या पोराला साय यंगपर्यंत त्यानं नेलंय. दुसरं, पाचव्या इनिंगला वेग किती पडतो आणि हात खाली यायला लागतो का. एकदा एक उंच पोरगा बघितला होता, तीन इनिंग कुणाला शिवू दिलं नाही, चौथ्यात लागोपाठ दोन वॉक, आणि मग प्रत्येक बॉलनंतर टाचेनं रबरसमोरची माती उकरत बसला, कॅचर खुणा करतोय आणि हा खालीच बघतोय. शेवटी पिचिंग कोच चालत आला. वेग तेव्हाही 97 होता, फक्त एकही बॉल जिथे हवा तिथे पडत नव्हता. असं रिपोर्टमध्ये एका ओळीत येतं, कमांड ॲव्हरेजच्या खाली, आणि आपण ती ओळ वाचून पुढे जातो.

तिसरं, इनिंग किती टाकल्यात. हल्ली मायनर्समध्ये पोरांना इतकं जपतात की वर्षाला शंभरेक इनिंगपेक्षा जास्त फार कमी जण टाकतात. स्कूबलनं 2025 ला 195 टाकल्या. पोरगा कितीही गुणी असो, पहिल्या वर्षी त्यातल्या निम्म्या इनिंग बुलपेनला उचलाव्या लागणार, हे ट्रेड करताना कुणी मोजतं का?

नोव्हीकर_नाना
हे मला पाहिजे होतं @शटल, धन्यवाद. आकडेमोड्याचंही पटतंय, मुख्य माणूस बॅट आणि मागे दोन पिचर. त्यातला एक तरी ट्रिपल-एमध्ये मार खाऊन सावरलेला असावा असं मला वाटायला लागलंय, नुसता डबल-एमध्ये राज्य करणारा नको. आता अशी ऑफर कुणी देईल का ते वेगळं, एका वर्षाच्या स्कूबलसाठी टॉपची बॅट सोडणारी टीम शोधावी लागेल. बाजारात तुरी आणि आमची इथे मारामारी.

अॅन_आर्बरचा_आकडेमोड्या
आता नाही देणार. जुलैमध्ये देईल एखादी, तेव्हा सगळ्यांना ऑक्टोबरची स्वप्नं पडत असतात. पण तेव्हा आपणही शर्यतीत असलो तर टीमचा कारभार बघणाऱ्या स्कॉट हॅरिसची विकायची हिंमत होणार नाही, आणि नसलो तर दोन महिन्यांच्या स्कूबलसाठी किंमत अजून पडलेली असेल. अडचण आहे खरी.

जुना_टायगर
तुम्ही हिशोब करत बसा. 10 ऑक्टोबर 2025 ला प्लेऑफमध्ये सिएटलला स्कूबलनं सहा इनिंगमध्ये 13 जण स्ट्राइकआउट केले, ती मॅच आपण 15 इनिंग खेळून हरलो ती बॅटिंगनं, 3-2. आमच्या घरी रात्री एक वाजून गेला होता, तरी कुणी टीव्ही बंद केला नाही. जो माणूस असा खेळतो त्याच्याबरोबर अजून एक ऑक्टोबर बघायचा सोडून मी इरीतल्या कुणाच्या चेंजअपची वाट बघत बसू? मला ओपनिंग डेला माउंडवर स्कूबल पाहिजे. पैशाचं बोरास आणि मालक इलिच बघून घेतील.

कँटनची_काकू
मी काकांच्या बाजूनं. आणि टोलीडोला कुणी जाणार असेल तर एप्रिलमध्ये सांगा, आमच्याकडून दोन जण नक्की.