मदत हवी आहे : वेळासच्या किनाऱ्यावर मुलांना वाळूचं तापमान मोजायचंय

फेब्रुवारीअखेर नववीच्या मुलांना वेळासला (ता. मंडणगड) नेतोय. कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची, फोटो काढायचे नि परत फिरायचं, एवढंच नकोय. इथल्या ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू नर की मादी हे अंडी ज्या वाळूत असतात तिच्या उष्णतेवर ठरतं, म्हणून मुलांनी दीड फूट खोलीवर सकाळ-दुपार तापमान नोंदवावं असा बेत आहे. हॅचरीच्या (अंडी राखून ठेवतात त्या जागेच्या) कुंपणात शिरणार नाही, गावकरी दाखवतील तिथेच खोदू. ज्यांच्या घरी उतरणार त्या काकू म्हणाल्या, "कासवमित्रांना विचारा." पण कासवांची घरटी राखणाऱ्या या मंडळींचा फोन काही लागत नाही. मार्चमध्ये परीक्षा, त्यामुळे तारीख हलणार नाही. एवढ्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते का? आणि काचेचा थर्मामीटर वर काढेस्तोवर आकडा बदलतो, त्यावर स्वस्तातला उपाय काय?