दुर्बिणीने मुतखडा काढण्याआधी स्टेंट बसवणे खरोखरच आवश्यक असते का?

प्रश्न

माझ्या वडिलांच्या उजव्या मूत्रपिंडात १३ मिलिमीटरचा खडा आहे. लेझरच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना भूल देण्यात आली, परंतु मूत्रवाहिनी अरुंद असल्याने दुर्बीण वर जात नाही असे सांगून डॉक्टरांनी केवळ डीजे स्टेंट (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) बसवला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले. तेव्हापासून त्यांना वारंवार लघवीला जावे लागते आणि लघवी करताना कुशीत कळ येते. दुर्बीण थोडा जोर लावून पुढे नेता आली नसती का? आणि स्टेंटचा एवढाच उपयोग असेल, तर तो सर्वांनाच आधी का बसवत नाहीत?

प्रतिसाद १

मी मूत्ररोग विभागात काम करतो. जोर लावला नाही, हे उत्तम झाले. लवचीक दुर्बीण पुन्हापुन्हा आत-बाहेर नेता यावी आणि मूत्रपिंडातील पाण्याचा दाब वाढू नये, म्हणून मूत्रवाहिनीत बहुधा ॲक्सेस शीथ नावाची पोकळ नळी सरकवतात. या नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात आणि तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. नेहमीच्या वापरातील १२/१४ मापाची (आतून १२, बाहेरून १४ फ्रेंच) शीथ बाहेरून सुमारे पावणेपाच मिलिमीटर जाड असते, तर मूत्रवाहिनीची पोकळी साधारणपणे तीन-चार मिलिमीटरच असते आणि मूत्राशयात शिरण्याच्या जागी त्याहूनही अरुंद. तेथे बळ वापरले, तर भिंत फाटू शकते आणि पुढे त्याच जागी कायमचे आकुंचन येऊ शकते. मूत्ररोगतज्ज्ञ ऑलिव्हिए ट्राक्सेर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आधीपासून स्टेंट असलेल्या रुग्णांमध्ये शीथमुळे होणाऱ्या गंभीर इजेचा धोका सुमारे सात पटींनी कमी आढळला होता.

येथे एक शंका रास्त आहे: स्टेंट स्वतः जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो, मग तो वाट रुंद कशी करतो? तो ताणून रुंद करतच नाही. आत नळी असली की मूत्रवाहिनीच्या स्नायूंचे लयबद्ध आकुंचन मंदावते, भिंत सैल पडते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत वाट आपोआप मोकळी होते.

मात्र सर्वांना आधी स्टेंट बसवणे म्हणजे एक जादा प्रक्रिया, बहुधा जादा भूल आणि मधले दिवस त्रासाचे. अनेकांची मूत्रवाहिनी पहिल्याच प्रयत्नात दुर्बीण जाऊ देते. म्हणूनच युरोपीय आणि अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो सरसकट बसवण्याची शिफारस नाही. खड्यामुळे लघवी अडून ताप आला असेल, तर गोष्ट निराळी. तेव्हा स्टेंट किंवा पाठीतून घातलेली नळी ही पूर्वतयारी नसून तातडीचा उपचार असतो, आणि संसर्ग आटोक्यात येईपर्यंत खड्याला हात लावत नाहीत.

प्रतिसाद २

मी रुग्ण म्हणून या मार्गाने गेलो आहे. लघवी करताना कुशीत कळ येण्याचे कारण मला उशिरा समजले: स्टेंटमुळे मूत्राशयाकडील झडप उघडी राहते आणि लघवी उलटी वर मूत्रपिंडाकडे चढते. लघवी तुंबवून न ठेवल्यास ही कळ सौम्य राहते. डॉक्टरांनी दिलेल्या टॅमसुलोसिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाने मला बराच आराम पडला. चालणे वाढले की लघवी किंचित लालसर होई, त्याला मी उगाच घाबरलो होतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा बसवलेला माझा स्टेंट काढायचा राहून गेला. रुग्णालयाने आठवण केली नाही आणि त्रास थांबल्यामुळे मीही निश्चिंत राहिलो. सात महिन्यांनी पाहिले, तर त्यावर क्षारांचे पुट चढले होते आणि तो काढण्यासाठी लेझर वापरावे लागले. स्टेंट बसवल्याची तारीख आणि काढण्याची तारीख, दोन्ही घरी लिहून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. स्टेंट दोनदा बसवला जाऊ शकतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी काही तपासणी करून घ्यावी का?

प्रतिसाद १

लघवीचे कल्चर, म्हणजे तिच्यात जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी, अवश्य करावे. आधी केलेले असले, तरी स्टेंटवर जंतू वस्ती करतात, त्यामुळे जुन्या अहवालावर विसंबू नये. जंतू आढळल्यास शस्त्रक्रियेआधी योग्य प्रतिजैविक सुरू करतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आताच सांगावे. ती परस्पर बंद करू नये. आणि मधल्या काळात थंडी वाजून ताप आला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.