ॲव्हरेज काय देते? (पहिल्या गाडीचे अनुभव लिहा)

निरगुडी
शेजारच्या मुलानं परवा इलेक्ट्रिक गाडी घेतली. पेढे द्यायला आला, तर आमच्या सासूबाईंनी (वय 84) पेढा हातात घेऊन पहिला प्रश्न टाकला, "ॲव्हरेज काय देते रे?" पोरगं गप्प. आणि मी थेट 1986 सालात.

तेव्हा दारात एक जुनी गाडी होती. कंपनीचं नाव घेत नाही, बिचारी गेली आता. लिटरला 9 द्यायची, तेही तिची मर्जी असली तर. मग सुझुकीवाली मारुती आली. आळीतले लोक हसले, "ही काड्यापेटी महाबळेश्वर चढणार?" सासऱ्यांनी साताऱ्यात टाकी गळ्यापर्यंत भरली, पुण्याला जाऊन आले आणि त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरून घेतली. 220 किलोमीटर, 12 लिटर. भागाकार सिगरेटच्या पाकिटावर केला नि पंपावरच्या पोऱ्याला दाखवला. 18 च्या वर! ते पाकीट पुढे कितीतरी दिवस शर्टाच्या खिशात होतं, येईल त्याला दाखवायचे. तीन वर्षांत आळीत आणखी चार मारुत्या आल्या.

तुमच्याकडे काय झालं होतं? लिहा.

चहाबाज
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आजींना दंडवत. मला बघायला आले तेव्हा मामेसासऱ्यांनी आधी स्कूटरचं ॲव्हरेज विचारलं, पगार नंतर.

तीन_सिलिंडर
जादू नव्हती हो ती. 796 सीसी, तीन सिलिंडर, आणि सगळी गाडी मिळून साडेसहाशे किलोच्या आसपास. प्रीमियर पद्मिनीचं इंजिन 1089 सीसी, वजन नऊशेच्या घरात, अँबेसिडर तर 1489 सीसी. शिवाय मारुती 800 ला इंजिन आडवं बसवलेलं आणि पुढची चाकं ओढणारी, म्हणजे मागच्या चाकांपर्यंत जाणारा तो लांबलचक दांडाच नाही. वजनही वाचलं, आत जागाही झाली. 1979 नंतर तेल महागलेलं होतं, त्यामुळे सुझुकी बरोबर वेळेवर आली. सुरुवातीला मारुती कंपनीत त्यांचा हिस्सा फक्त 26 टक्के, बाकी सरकारचा. त्याआधी अख्ख्या देशात वर्षाला 40 हजारांच्या आसपास गाड्या खपायच्या. नव्वदीत नव्या गाड्यांत निम्म्याहून कितीतरी जास्त मारुतीच्याच. कुकर लागलाय, बाकी नंतर लिहितो.

उतारावर_न्यूट्रल
ॲव्हरेज गाडीचं नसतं, बापाचं असतं. आमचे अण्णा खंबाटकीचा माथा आला की किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे. मग खाली उतरेपर्यंत फक्त वारा आणि आईची रामरक्षा. मागून ट्रकवाला हॉर्न मारून मारून थकायचा. खाली आल्यावर अण्णा विजयी मुद्रेनं म्हणायचे, "पाव लिटर वाचलं!" तेवढ्या पैशांचा चहा आम्ही तिथेच प्यायचो.

मीराताई
अहो असं करू नका कुणी!! इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारं व्हॅक्यूम जातं, पाय कितीही दाबा. माझा भाऊ थोडक्यात वाचलाय.

उतारावर_न्यूट्रल
ताई, अण्णा 91 चे आहेत. आता फक्त आमचा गॅस बंद करत फिरतात.

कुर्ल्याचा
जरा दुसरी बाजू. बाबा कुर्ल्याला पद्मिनीच्या कारखान्यात होते. आमच्या घरात 'ॲव्हरेज' हा शब्द काढायचा नाही. "ती दहा देते, पण सात माणसं नि टपावर ट्रंका घेऊन रत्नागिरीला जाते, तुमची डबी जाईल?" हे ठरलेलं वाक्य. आखाती युद्धाच्या वेळी पेट्रोल वाढलं तेव्हा शेजारच्यांनी मारुती घेतली, बाबा पाहायलासुद्धा गेले नाहीत. शेवटी 1994 मध्ये स्वतःच एक वापरलेली 800 घेतली आणि दोन महिने पलीकडच्या गल्लीत उभी करायचे. कारखान्यातलं कुणी बघू नये म्हणून. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा बाबा नव्हते. बरं झालं.

निरगुडी
@कुर्ल्याचा, पलीकडच्या गल्लीचं वाचून गलबलून आलं.

चहाबाज
+१

जर्सीकर
तुम्ही लोक 1986 म्हणताय, आम्ही हे 1979 ला न्यू जर्सीत पाहिलंय. इराणमधली क्रांती, पेट्रोलची टंचाई, आणि राज्याचा हुकूम: सम नंबरच्या गाड्या सम तारखेला, विषम नंबरच्या विषम तारखेला. मी विद्यार्थी. माझ्याकडे आठ सिलिंडरचं जुनं अमेरिकन धूड, गॅलनला 12 मैल. सकाळी 5 ला रांगेत जाऊन बसायचो, आणि पुढे सरकण्यातच निम्मं पेट्रोल जायचं. माझा खोलीसोबती होंडा सिव्हिकवाला. तो आठवड्यातून एकदा भरायचा, वर मलाच शिकरण करून घालायचा. वर्षभरात आमच्या पार्किंगमध्ये होंडा, टोयोटा, डॅटसनच दिसायला लागल्या. 1981 मध्ये शेवटी जपानला मान्य करायला लावलं की वर्षाला 16.8 लाखांवर गाड्या पाठवणार नाही. मी स्वतः सिव्हिक घेतली ती 1983 ला, मुलगी झाल्यावर.

मीराताई
शिकरण! किती दिवसांत केली नाही. घरात केळी आहेत, आज करतेच.

अंजीर
निरगुडी, साताऱ्यात कुठे? माझं माहेर यादोगोपाळ पेठेतलं. आणि पेढे कंदी होते का?

निरगुडी
मंगळवार पेठ गं. कंदीच होते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

तीन_सिलिंडर
आलो. आजींचं पुढे काय झालं?

निरगुडी
त्या मुलानं युनिटचा हिशेब समजावला. सासूबाईंनी नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "उतारावर बंद करता येते का?" तो म्हणाला, "आजी, उतारावर तर उलट चार्ज होते." तो गेल्यावर मला म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे, पण थापा मारतो."