सरपणाचा छोटा धंदा आहे, दोन एकरात स्वतःचं रान लावायचंय, सुरुवात कुठून करू?

सरपणवाला:
नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली, सरपणाचा छोटा धंदा करतोय. वादळात पडलेली झाडं, बांधावरची छाटणी, कुणी रीतसर परवानगी काढून तोडलेलं झाड असं लाकूड उचलून आणायचं, ओंडके पाडायचे, फोडायचे आणि आसपासच्या घरांना, भट्ट्यांना पोचवायचं. एक चेनसॉ, घण, पाचरी, दोन कुऱ्हाडी आणि जुना पिकअप एवढाच पसारा. वर्षाला साधारण 40 टन जातं.

गेल्या महिन्यात दोन जुन्या गिऱ्हाइकांनी माल परत दिला. पेटत नाही, नुसता धूर होतो म्हणाले. मी स्वतः जाऊन बघितलं तर फाटा जळत होता एका टोकाला आणि दुसऱ्या टोकातून फेस येत होता, चुर्र चुर्र आवाज करत पाणी बाहेर पडत होतं. फार वाईट वाटलं कारण मी तो माल सुकाच समजून दिला होता, तोडून चार महिने झाले होते, वरून साल पण सुटलेली.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन एकर उताराची जमीन पडून आहे. रोज दुसऱ्यांची झाडं तोडून आणतो तर आपणही काहीतरी लावावं हे बरेच दिवस मनात आहे. विचार असा की सगळीकडे सुबाभूळच लावायची, दोन हजार रोपं, पाच वर्षांनी सगळी एकदम कापायची. बरोबर आहे का? आणि लाकूड वजनावर विकावं की रचून मापावर? मी आत्ता वजनावर देतो.

जुनी_वखार:
दादा, आधी ओल्या लाकडाचं बोलू कारण धंदा तिथेच बसतो. आमची वखार होती, मी लहानपणापासून काट्यावर बसलोय.

ओंडक्यातच पडलेलं लाकूड चार महिन्यांत सुकत नाही, फार सावकाश सुकतं. साल पाणी धरून ठेवते आणि लाकडातलं पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून बाहेर जातं, कारण झाडाच्या नळ्या उभ्या असतात, आडव्या नाही. म्हणून आधी आखूड कापायचं, लगेच फोडायचं आणि मग रचायचं. तुम्ही बहुतेक विकायच्या आठवड्यात फोडताय. वरून कोरडं दिसतं, गाभा ओला राहतो.

आता हिशेब बघा. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. म्हणजे 1,000 किलो आणलं तर 500 किलो लाकूड आणि 500 किलो पाणी. ते 20 टक्के ओलाव्यापर्यंत सुकवलं की उरतं 625 किलो. 375 किलो हवेत गेलं. तुम्ही वजनावर विकता म्हटल्यावर सुकवणाऱ्याचंच नुकसान, म्हणून कुणाला सुकवावंसं वाटत नाही, आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी खोट हीच आहे. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा, निम्मं पाणी असलेल्या एका किलोतून 8 मेगाज्यूलच्या आसपास उष्णता मिळते आणि 20 टक्के ओलाव्याच्या एका किलोतून 14 च्या आसपास. वर ओलं लाकूड नीट पेटतच नाही, धूर आणि काजळी जास्त, धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि तो थर पेटला तर घराला धोका. तेव्हा ओलं विकणं म्हणजे त्या माणसाला पाणी विकणं झालं.

थप्पी जमिनीवर टेकवू नका, खाली दगड नाहीतर जुनी पॅलेट टाका, नाहीतर वाळवी लागते आणि खालची रांग कुजते. एक ओळ रुंद, वारा आरपार जाईल अशी. वरून पत्रा किंवा ताडपत्री, बाजू उघड्या. बरेच जण ताडपत्री पार जमिनीपर्यंत गुंडाळतात आणि आत वाफ कोंडते, आतून बुरशी. हे करू नका.

जागेचा अंदाज देतो. रचलेल्या एका घनमीटरमध्ये सुकं टणक लाकूड 400 ते 500 किलो बसतं. तुमचे 40 टन म्हणजे 90 घनमीटरच्या आसपास. फाटे 40 सेंटीमीटरचे आणि थप्पी दीड मीटर उंच धरली तर मीटरभर लांबीला 0.6 घनमीटर, म्हणजे दीडशे मीटर लांब थप्पी लागेल. ऐकायला खूप वाटतं पण शेजारी शेजारी ओळी, मध्ये हात-दीड हात जागा सोडून लावल्या की एका मोठ्या अंगणात बसतं. घराच्या भिंतीला चिकटवून मात्र नको, आग आणि वाळवी दोन्हीसाठी.

मीटर घेतलात तर एक लक्षात ठेवा, ओलाव्याचे मीटर बहुतेक करून कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्के दाखवतात. मी वर जे 20 म्हटलं ते एकूण वजनावर, मीटरवर ते 25 दिसेल. आणि सुया टोकाला नाही खुपसायच्या, फाटा ताजा फोडून मधल्या भागात.

धुरकट:
थोडं वेगळं. परत आलेला माल टाकू नका, फोडून रचा, एखाद-दोन उन्हाळ्यांनी चांगला होईल. आणि छाटणीत काय काय येतं ते बघून घ्या. कण्हेर कधीच सरपणात मिसळू नका, तिचा धूरसुद्धा विषारी. रंग दिलेल्या फळ्या, लाकूड टिकावं म्हणून औषध मुरवलेले जुने खांब हे पण नको, जुन्या औषधांमध्ये आर्सेनिक असायचं, ते धुरात आणि राखेत दोन्हीत उतरतं. घरात लहान मुलं असतात हो, शेकत बसतात.

चेनसॉ चालवताना एकटे जात असाल तर तेही थांबवा. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला की मशीन क्षणात तोंडावर येते. माझ्या भावाचं हेल्मेट होतं म्हणून वाचला.

रानवाटिका:
दादा, रानाबद्दल मी सांगते, रोपवाटिका आणि थोडं स्वतःचं रान दोन्ही करते.

पहिलं म्हणजे सगळी एकच जात लावू नका. 1980 च्या दशकात सुबाभळीवर एक बारीक रसशोषक किडा आला, मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला, आणि काही वर्षांत पॅसिफिक बेटांपासून आशियापर्यंत पसरला. शेंडे वाळले, पानं झडली, ज्यांनी फक्त सुबाभूळच लावली होती त्यांची सगळी लागवड एकदम अडकली. शिवाय सुबाभूळ शेंगांनी रानोमाळ पसरते, जगातल्या सगळ्यात उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत ती आहे. लावायचीच तर शेंगा पिकायच्या आत छाटायची तयारी हवी.

दुसरं म्हणजे एकदम कापू नका. मी अगदी कळकळीने सांगते, उतार आहे म्हणालात, पाच वर्षांनी सगळं उघडं केलंत तर पहिल्याच मोठ्या पावसात माती खाली येईल. दोन एकर म्हणजे 80 गुंठे. त्याचे 10 गुंठ्यांचे 8 तुकडे पाडा, उताराला आडवे. दरवर्षी एकच तुकडा लावा आणि आठ वर्षांनी दरवर्षी एकच तुकडा कापा. कापलेला तुकडा परत वाढतोय, बाकी सात उभे आहेत, माती धरलेली, पक्ष्यांना जागा, आणि तुम्हाला दरवर्षी माल. वाढेल तेवढंच तोडायचं हा विचार जुना आहे, 1713 साली जर्मनीतल्या सॅक्सनीत खाणींचा कारभार बघणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झने तो लिहून ठेवला, कारण चांदी वितळवण्याच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना झालं होतं.

पुन्हा लावायची गरजही दरवेळी नसते. खुंटातून फुटवा देणाऱ्या जाती निवडा. सुबाभूळ, गिरीपुष्प, करंज, निलगिरी छान फुटतात. सुरू आणि बाभूळ जळणाला उत्तम पण खुंटातून भरवशाने फुटत नाहीत, त्यांचं बी नाहीतर रोपच लावावं लागतं. निलगिरी पाणी ओढते म्हणून विहीर, झरा जवळ असेल तर मी लावणार नाही. नवी पालवी यायच्या आधी, झाड विसाव्यात असताना कापायचं, जमिनीपासून वीतभर वर, काप तिरका म्हणजे पाणी साचत नाही, आणि साल फाटू द्यायची नाही. मग पंधरा-वीस धुमारे फुटतात. काही महिन्यांनी त्यातले जोरदार दोन-तीन ठेवून बाकी काढायचे. ह्या काळात शेळ्या-गुरं शिरली की खुंट मेलाच समजा, म्हणून कुंपण आधी, रोपं नंतर.

रोपं मोठी घेऊ नका. गुडघाभर उंचीचं रोप पटकन रुजतं, पुरुषभर उंचीचं बरेच दिवस नुसतं जगत राहतं. पिशवीत मुळांचा गोल गुंडाळा झाला असेल तर तो कापून सोडवायचा, नाहीतर झाड मोठं होऊन वाऱ्यात आडवं होतं. आणि रोपं सगळ्यात जास्त मरतात ती गवतामुळे. गवत पहिल्या तीन वर्षांत पाणी पिऊन टाकतं. रोपाभोवती मीटरभर गोल साफ ठेवा, त्यावर तुमच्याकडचीच ढलप्यांची, भुशाची जाड पसरण टाका, खोडाला न लागेल अशी. मातीत मिसळू मात्र नका, भुसा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो, वरच राहू द्या.

प्रत्येक तुकड्यात दोन-चार झाडं कधीच कापायची नाहीत असं आत्ताच ठरवा. आणि एखादं वाळलेलं झाड उभं राहू द्या, एखादा ओंडका कुजू द्या. सुतार पक्षी, भुंगे, अळंबी सगळं त्यावर जगतं. सरपणवाल्याचा जीव कासावीस होतो ते बघून हे मला माहीत आहे, पण त्याशिवाय ते रान होत नाही, नुसतं लाकडाचं शेत राहतं.

सरपणवाला:
ताई, काका, खूप आभार, वहीत उतरवून घेतलं. एक शंका. 10 गुंठ्यात मावतील किती आणि त्यात माझा धंदा भागेल का?

रानवाटिका:
2 मीटर बाय 2 मीटरवर गुंठ्याला 25, म्हणजे 10 गुंठ्यात 250. वाट आणि कुंपण सोडून 200 धरा. झाडामागे किती निघेल ते माती आणि पाणी ठरवतं पण समजा 30 किलो सुकं निघालं तर 6 टन. तुमचे 40 जातात. म्हणजे सहावा हिस्सासुद्धा नाही. खोटी आशा लावत नाही, दोन एकरावर तुमचा सगळा धंदा चालणार नाही. आणि पहिली आठ वर्षं तर त्यातून काहीच येणार नाही, विरळणीच्या काटक्या सोडून. म्हणून रानाचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा. रोपाचा खर्च सरपणाच्या नफ्यातून थोडा थोडा काढायचा, कर्ज काढून एका वर्षात दोन हजार रोपं लावायची नाहीत. दरवर्षी 200 लावली तर मेलेली परत लावायला हात आणि वेळ दोन्ही उरतात.

जुनी_वखार:
ताईंचं बरोबर. मापाबद्दल राहिलं होतं. सुका माल वजनावर देऊन तुमचं नुकसान होतं, म्हणून रचलेल्या घनमीटरवर द्या. फक्त रचून मोजलं की ओतून मोजलं हे बोलतानाच सांगा. पिकअपमध्ये नुसतं टाकलेलं एक घनमीटर रचलं की साधारण 0.6 ते 0.7 भरतं, भांडणं तिथेच होतात. आणि किलोमागे सगळी लाकडं कोरडी असताना जवळपास सारखीच उष्णता देतात, फरक घनतेचा. बाभूळ टणक, मापात जास्त जड बसते, मऊ लाकूड हलकं. म्हणून मापावर विकताना जात सांगायची, मऊ माल वेगळा ठेवायचा, तो पेटवणीला चांगला असतो.

लांबून लाकूड आणू नका हेही सांगतो. सालीखाली किडे प्रवास करतात. उत्तर अमेरिकेत 2002 साली एक हिरवा चमकदार भुंगा पहिल्यांदा ओळखला गेला, तो सरपणाबरोबर गावोगाव गेला आणि तिथल्या ॲश नावाच्या जातीची कोट्यवधी झाडं मेली. तुम्ही आता स्वतः रान लावताय, तुमच्याच थप्पीतून त्याला कीड लागायला नको.

सरपणवाला:
दीड महिन्याने परत लिहितोय, कुणी विचारलं नाही तरी सांगावंसं वाटलं. परत आलेला माल सगळा फोडला, पॅलेटवर तीन ओळी रचल्या. तीन फाट्यांवर खडूने नंबर आणि वजन लिहिलं होतं. पहिला 4.2 किलोचा होता तो आज 3.1 भरला, दुसरा 3.6 चा 2.8 झाला. तिसरा जाड आणि गाठीचा, 5 किलोचा अजून 4.4, तो मी ओळीतून काढून परत फोडला आणि आत हात लावला तर गार लागत होता.

त्या दोन्ही गिऱ्हाइकांकडे जाऊन आलो, पैसे परत केले आणि खरं काय झालं ते सांगितलं. एकाने पुढच्या वर्षीचा माल आत्ताच सांगून ठेवलाय, मी म्हटलं तेव्हाच देईन, सुकल्याशिवाय नाही.

खालच्या अंगाचे पहिले 10 गुंठे कुंपण घालून घेतले. करंज, गिरीपुष्प, थोडी बाभूळ असं ठरवलंय, सुबाभूळ सोडली. मुलाने दोरी धरली आणि मी चुन्याने खड्ड्यांच्या खुणा केल्या, मोजल्या तर 196 झाल्या. वरच्या कोपऱ्यात एक जुना वाळका बुंधा उभा आहे, तो मी गेल्या वर्षीच तोडायला काढला होता. त्याच्याभोवती चुन्याचं एक गोल आखलंय, तिथे खड्डा नाही.

ताई, गिरीपुष्पाच्या काड्या अंगठ्याएवढ्या जाड चालतील की अजून जाड हव्यात?

रानवाटिका:
अंगठ्यापेक्षा जाड घ्या, मनगटाएवढ्या मिळाल्या तर फारच छान. हिरव्या कोवळ्या नकोत, तपकिरी झालेल्या हव्यात. कापल्यावर एक-दोन दिवसांत लावून टाका, आणि खालचं टोक वर करून लावू नका, घाईत होतं तसं.