एंजल माशांची अंडी दर वेळी पांढरी पडतात, दोन्ही माद्या असतील का?

काचघर_२: माझ्याकडे एंजलची जोडी आहे, निदान जोडी समजूनच वाढवली. दोघं एकमेकांना सोडत नाहीत, पान घासूनपुसून साफ करतात, त्यावर अंडी घालतात, बाकीच्या माशांना पार कोपऱ्यात पिटाळतात. पण दुसऱ्या दिवसापासून अंडी पांढरी पडू लागतात आणि मग सगळीच जातात. पाणी २७ अंशांवर आहे. एकाच्या कपाळाला उंचवटा आहे म्हणून तो नर धरलाय. बरोबर आहे का? शिवाय गप्पी माशांची पिल्लं आहेत, त्यातले नर कधी वेगळे काढू?

शेवाळ: कपाळावर अजिबात जाऊ नका. चांगलं खाऊन वाढलेल्या मादीलाही तसा उंचवटा येतो. एंजलमध्ये रंग, आकार, परांची लांबी यावरून नर-मादी खात्रीनं सांगता येत नाही. भरवशाची खूण एकच, आणि तीही अंडी घालायच्या सुमारास दिसते. गुदद्वारापाशी एक छोटी नळी बाहेर येते. मादीची जाड आणि बोथट, कारण तिच्यातून अंडं बाहेर पडायचं असतं. नराची बारीक आणि टोकदार. दोघांच्याही नळ्या जाड दिसल्या तर दोन्ही माद्या समजा. नर नसला की दोन माद्या अगदी जोडीसारख्या राहतात, पान साफ करतात, अंड्यांना पंखाही घालतात.

अंडी घालताना नीट बघा. मादी पानावर ओळ घालत वर सरकते आणि लगेच मागून नर त्याच ओळीवरून पोट टेकवत जातो. दोघंही आळीपाळीनं अंडीच घालत असतील आणि पान नेहमीपेक्षा गच्च भरत असेल, तर उत्तर मिळालंच. फळलेली अंडी तुमच्या तापमानाला दोन दिवसांत आतून काळसर दिसतात आणि साधारण अडीच दिवसांत फुटतात. मात्र नवी जोडी असेल तर पहिल्या काही खेपा अशाही वाया जातात, तेव्हा एवढ्यावरून निकाल लावू नका.

जलपर्णी: गप्पीचं मी सांगते. रंग चढायची वाट बघू नका. पोटाखालचा मागचा पर बघा. मादीचा पंख्यासारखा पसरट राहतो, नराचा हळूहळू अरुंद होत काडीसारखा लांबट होतो. मादीच्या त्याच जागी, पोटाच्या मागच्या बाजूला, गडद डाग दिसतो. हा पर अरुंद व्हायला लागला की त्या पिल्लाला लगेच हलवा, कारण मादी एकदा नराबरोबर राहिली की त्याचं बीज महिनोन् महिने साठवते आणि नर नसतानाही पिल्लं देत राहते. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या माशांनाही हीच खूण लागू. स्वोर्डटेल नराच्या शेपटीची तलवार उशिरा येते, तिच्यावर विसंबू नका.

विषय निघालाच आहे म्हणून कळकळीनं सांगते: गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर ओळीनं बारीक पांढरे दाणे दिसले तर धावत जाऊन औषध टाकू नका. बहुतेकदा तो वयात आलेला नर असतो. व्हाइट स्पॉट या रोगाचे ठिपके शेपटीसकट सगळ्या अंगावर विखुरतात आणि मासा अंग घासत फिरतो.

काचघर_२: आज संध्याकाळी अंडी घालताना जवळून पाहिलं. दोघांच्याही नळ्या जाड, बोथट आणि दोघींनीही ओळी घातल्या. म्हणजे माद्याच. आता एक नर आणून सोडू का?

शेवाळ: थेट सोडलात तर त्या दोघी मिळून त्याला फाडतील. आधी त्यांना वेगळ्या टाक्यांत ठेवा. त्यापेक्षा सहा-सात लहान एंजल एकत्र वाढवा, मोठे झाले की आपापल्या जोड्या जुळवतात. तोपर्यंत या दोघींची अंडी काढायची घाई नको, पांढरी पडली की त्या स्वतःच खाऊन टाकतात.