ग्रँड कॅन्यनला चाललोय, पण दगड वाचायचे कसे?

इंदिरानगरची माई

नमस्कार मंडळी. लेक अमेरिकेत फिनिक्सला असते. ऑक्टोबरात आम्ही दोघं महिनाभर तिच्याकडे चाललोय. जावयांनी आठ दिवसांची गाडीने फिरायची आखणी केलीये : ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस आणि जमलं तर अँटिलोप कॅन्यन. लेकीने आतापर्यंत शंभरेक फोटो पाठवून झालेत.

घोळ असा, की आमचे हे म्हणतात, "दगडच बघायचे तर हरिहर काय वाईट आहे? सांदण दरी बघून आलीस ना? तेच मोठं करून ठेवलंय तिकडे." मी शाळेत मराठी शिकवलं, भूगोल दहावीनंतर सुटला तो सुटलाच. त्यामुळे त्यांना गप्प करायला माझ्याकडे मुद्दा नाही. एवढा खर्च करून कठड्यापाशी उभं राहायचं, "अबब" म्हणायचं आणि परत गाडीत बसायचं, असं व्हायला नको. तिथे नक्की काय बघायचं असतं? दोघंही साठीचे. माझा डावा गुडघा कुरकुरतो, पण ब्रह्मगिरी अजून चढते.

पंचवटीकर

मिस्टरांना सांगा, हरिहरच्या पायऱ्या उतरताना जे होतं तेच तिकडे होतं, फक्त खाली मिसळ मिळत नाही. बाकी अभ्यासाचं सिन्नरकर सर सांगतील, मी थेपले भरून न्या एवढंच सांगणार.

सिन्नरकर

माई, तुमचे मिस्टर निम्मे बरोबर आहेत, म्हणून त्यांना गप्प करणं अवघड जातंय.

आकार सारखाच आहे. कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. आपल्या दगडाला 'ट्रॅप' म्हणतात तो शब्दच मुळी स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. पण आपला जिना आगीचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. भूगर्भाच्या हिशेबात हे काम झटपट उरकलं. तिकडचा जिना साठत गेलेला आहे : समुद्राचा गाळ, नदीचा चिखल, वाळवंटातली वाळू, पुन्हा समुद्र. चुनखडक आणि वालुकाश्म टणक, त्यांचे कडे उभे राहतात. मधला शेल, म्हणजे चिखलाचा झालेला दगड, मऊ, तो ढासळून उतार होतो. कोलोरॅडो नदीने हे सगळं कापलं ते गेल्या ५०–६० लाख वर्षांत. म्हणजे दरी तरुण आणि भिंती म्हाताऱ्या. हे एक डोक्यात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

मी भूगोल शिकवायचो. मुलाकडे गेलो तेव्हा मलाही पहिल्या तासात काही कळलं नाही. दरी ४४६ किलोमीटर लांब, दीड किलोमीटरहून खोल, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद. डोळ्याला मापच सापडत नाही, पडद्यावर रंगवल्यासारखी दिसते. माप सापडलं ते दरीत नाही, काठावरच्या एका पायवाटेवर.

साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, यावापाई नावाचं भूगर्भाचं छोटं संग्रहालय आहे. तिथून 'ट्रेल ऑफ टाइम' निघते. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. जमिनीत धातूच्या खुणा बसवल्यात आणि वाटेच्या कडेला त्या त्या काळाचे दगड ठेवलेत, हात लावून बघायला. वाट जवळजवळ सपाट, गुडघ्याची काळजी नाही. मी खुणा मोजत निघालो आणि ६६ व्या मीटरला थांबलो. बायकोला म्हटलं, "इथे आपलं सिन्नर. इथे ब्रह्मगिरी, पांडवलेणी, कळसूबाई, सगळं." ती म्हणाली, "एवढ्यात?" मागे वळलो तर संग्रहालय तिथेच होतं, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तुम्ही आम्ही ज्या खडकाला 'राकट देशा' म्हणून मिरवतो, तो तिथे पोरसवदा निघाला. कॅन्यनच्या अगदी वरचा, म्हणजे सगळ्यांत कोवळा, कायबाब चुनखडक यायला २७० मीटर चालावं लागतं. त्यात समुद्री प्राण्यांचे जीवाश्म आहेत, आणि तो आज समुद्रसपाटीपासून ७,००० फुटांवर बसलाय. तळातला दगड मात्र सतराशे मीटरच्या पुढे, म्हणजे १७० कोटी वर्षांपलीकडचा.

आणि त्या तळातल्या दगडाचं नाव काय, तर विष्णू शिस्ट! मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. क्लॅरन्स डटन नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ १८८० च्या सुमारास तिथे काम करत होता. त्याला पूर्वेकडच्या दैवतांची भारी ओढ. त्याने सुळक्यांना विष्णू टेंपल, शिव टेंपल अशी नावं दिली, पुढे विष्णूचं नाव खडकालाही लागलं. मिस्टरांना हे आधी सांगू नका, तिथेच नकाशावर दाखवा.

आता एक गोष्ट मात्र कठड्यावरून शोधाच. दरीत खाली एक रुंद, सपाट, हिरवट पायरी दिसते. तिच्या काठाला तपकिरी वालुकाश्म आहे आणि त्याच्या खाली काळसर, आडवे थर नसलेला उभा कडा सुरू होतो. त्या सांध्यावर बोट ठेवलं तर बोटाच्या वर सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीची वाळू आणि खाली तो विष्णू. मधल्या जवळपास १२० कोटी वर्षांचा त्या जागी हिशेबच नाही, तलाठ्याच्या दप्तरातली पानं फाडल्यासारखा. जे काही साठलं असेल ते पुढची वाळू यायच्या आत झिजून गेलं. मी त्या सांध्याकडे अर्धा तास बघत बसलो, तोवर मुलगा दोन कॉफ्या पिऊन आला.

मधला तांबडा उंच कडा दिसेल, त्याला रेडवॉल म्हणतात. तो मुळात करडा आहे! वरच्या थरांतला लोहाचा गंज पावसाने ओघळून त्याला रंग आलाय. वरच्या मजल्याची मोरी गळली की खालच्यांच्या भिंतीवर उमटतं ना, अगदी तसं.

झायन आणि ब्राइसचं उद्या लिहितो, आता दळण आणायला पाठवताहेत.

मूळचा सातपूरचा, सध्या फिनिक्स

सर यायच्या आत व्यवहाराचं सांगून टाकतो.

मावशी, इथून साउथ रिम गाडीने साडेतीन-चार तास. ऑक्टोबरात फिनिक्सला पंखा लागेल आणि रिमवर पहाटे स्वेटर, दोन्ही न्या. ॲरिझोनात घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत, युटात करतात. त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा झायनला एक तास पुढे असेल. आमची एकदा शटलची वेळ यातच चुकली होती.

अँटिलोप ही नावाहो या तिथल्या आदिवासी लोकांची जमीन आहे. त्यांच्या वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत, बुकिंग आधीच करा. सांदणसारखीच घळ, पण वालुकाश्मातली, भिंती पाण्याने घोटून गुळगुळीत झालेल्या. ऑगस्ट १९९७ मध्ये तिथे पुराच्या लोंढ्यात ११ पर्यटक गेले. पाऊस पडला होता तो लांब कुठेतरी. त्यामुळे वाटाड्याने फेरी रद्द केली तर हुज्जत घालू नका.

सिन्नरकर

आलो. झायनमध्ये भिंतीच्या उंचीपेक्षा भिंतीवरच्या रेघा बघा. तिरप्या रेघांचे पट्टे, एक या बाजूला कललेला, त्यावरचा दुसऱ्या बाजूला. वाऱ्याने वाळूच्या टेकड्या सरकवल्या त्याच्या त्या खुणा. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी तिथे मोठं वाळवंट होतं, त्या वाळूचा दगड होऊन काही ठिकाणी दोन हजार फूट जाडीचा थर झाला. पूर्वेच्या दाराजवळ चेकरबोर्ड मेसा नावाचा डोंगर रस्त्यावरूनच दिसतो, त्यावर या रेघा सगळ्यांत स्पष्ट आहेत.

शटलच्या शेवटच्या थांब्यावरून नदीकाठाने मैलभर पक्की वाट जाते, रिव्हरसाइड वॉक. तिथे कोरड्या भिंतीतून पाणी झिरपतं आणि त्यावर नेचे लटकलेले असतात. पाणी वालुकाश्मातून मुरत खाली येतं, खालच्या चिकण थराला अडतं आणि आडवं बाहेर पडतं. आपल्याकडे दोन लाव्ह्यांच्या मधल्या तांबड्या थरावर झरा फुटतो, त्याचंच हे भावंड.

ब्राइस खरं तर कॅन्यन नाहीच. नदीने कापलेली दरी नसून पठाराची कड कुरतडली गेलीये. भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, असं करत एकेक सुळका सुटा होतो. कळसूबाईपेक्षा अडीच-तीन हजार फूट उंच जागा आहे, दम लागेल. ही तिन्ही ठिकाणं मिळून एकच जिना आहे : ग्रँड कॅन्यनचा माथा झायनच्या तळाशी जातो, झायनचा माथा ब्राइसच्या खाली. म्हणून जावईबापूंना याच क्रमाने न्यायला सांगा.

इंदिरानगरची माई

सर, कागदावर उतरवून घेतलंय सगळं. हे चष्मा लावून वाचताहेत आणि "विष्णू" वाचून गप्प आहेत. (हो, मला राहवलं नाही, सांगून टाकलं.) आता ते म्हणतात, दरीत थोडं उतरूया. उतरावं का?

सिन्नरकर

उतरा, पण माझ्यासारखं नको. किल्ल्याची सवय असलेला माणूस तिथे हमखास फसतो. किल्ल्यावर आधी चढतो, दमलो की उतरतो. तिथे उलटं. ब्राइट एंजल वाटेने मी मजेत दीड मैल, अकराशे फूट खाली गेलो, दोघांत मिळून एक बाटली पाणी. परत येताना ऊन वर आलेलं. शेवटच्या वळणांवर बायको माझ्याशी बोलत नव्हती, आणि ते दमामुळे नव्हतं.

तुम्ही पहाटे निघा, घड्याळ लावून वीस मिनिटं उतरा आणि कितीही मोह झाला तरी वळा. चढायला चाळीस मिनिटं धरा. प्रत्येकाची वेगळी बाटली, चिमूटभर मीठ लावलेले दाणे, आणि गुडघ्यासाठी काठी. वळण्याआधी भिंतीवर तळवा टेकवून बघा. आपल्या काळ्या दगडाला असा खरखरीत लागणारा चुना नसतो.

पंचवटीकर

थेपल्यांचं कुणीच मनावर घेतलं नाही.